उंबऱ्याखालची पेटी

अहिल्यानगरच्या, म्हणजे परवापरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’मध्ये मटिल्डा नावाचा ब्रिटिश रणगाडा आहे. दुसऱ्या महायुद्धातला हा बोजड गडी. त्याच्या तोंडाकडचं पोलाद सर्वांत जाड जागी ७८ मिलिमीटर आहे. संग्रहालय पाहायला कुणी जुन्या फियाटमधून आलं, तर फाटकाबाहेर उभ्या त्या गाडीच्या दाराचा पत्रा भरतो जेमतेम ०.८ मिलिमीटर. दोन्हींवर पाऊस तोच, धूळ तीच, आणि दोन्हींना खाणारा गंजही तोच.

हवेत लोखंड किती वेगानं झिजतं, याच्या आंतरराष्ट्रीय प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत. त्यांतल्या मधल्या प्रतीच्या हवेत उघडा, रंग न दिलेला साधा पोलादी पत्रा पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन झिजतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दरवर्षी २५ मायक्रॉन धरले, तर फियाटचं दार बत्तीस वर्षांत संपेल आणि मटिल्डाचं तोंड तीन हजार एकशे वीस वर्षांत. हा अर्थातच कागदावरचा हिशेब. खुल्या हवेत गंजाचा पहिला थर बसला की पुढची झीज मंदावते, आणि जिथं पाणी साचून राहतं तिथं ती एका बिंदूवर खोल उतरत जाते, वर्षांचा हिशेब न पाळता. पण एक गोष्ट त्यातून कळते. रणगाड्याला गंज लागला तर तो वाईट दिसतो, आणि मोटारीला लागला तर मोटारच उरत नाही.

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं हे संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलं. तिथं पन्नासच्या आसपास चिलखती वाहनं आहेत: चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता, जपान्यांचे रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन. सर्वांत जुनी आहे रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर बांधलेली चिलखती मोटार. गंजाचा विषय डोक्यात ठेवून ही गाडी पाहिली, तर तिच्या बांधणीतली एक गंमत ध्यानात येते. खाली चॅसीची चौकट, तिच्यावर चिलखताचे जाड पत्रे रिव्हेट मारून जोडलेले. बहुतेक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, ब्रश पोचतो. गंज धरलाच, तर तो दिसेल असा धरतो.

फियाटचं तसं नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाटच्या मोटारींसाठी देशभर ओळखला गेला. फियाटनं १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘११००’ ही नव्या बांधणीची गाडी मांडली होती. आपल्याकडे तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. तिच्याच वंशात १९६४ ची ‘डिलाइट’, आणि तीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. या बांधणीत वेगळी चॅसी नाही. पातळ पत्रे दाबून, दुमडून, दोन-दोन एकमेकांवर ठेवून ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड करायचे आणि त्यांच्या पोकळ पेट्या बनवायच्या. गाडीचं सगळं बळ या पेट्यांत. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसेडरचीही हीच तऱ्हा. दारांच्या उंबऱ्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी लांब पेटी ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. तिच्याशिवाय दारांच्या मधले आणि कडेचे खांब, फरशीखालचे आडवे चॅनल, पुढच्या मडगार्डामागची खाच, डिकीच्या दोन्ही बाजूंचे कप्पे, बॉनेटच्या कडेची घडी. दार हीसुद्धा एक पेटीच.

या पेट्या कारखान्यात बंद झाल्या की त्यांच्या आत पुन्हा कुणाचा हात जात नाही. त्या काळी बॉडीवर रंगाचा फवारा बाहेरून मारत. पेटीत जायचा तो जमेल तेवढा. रंगाच्या हौदात बॉडी बुडवून विजेच्या जोरावर कोपऱ्याकोपऱ्यात थर बसवण्याची पद्धत फोर्ड कंपनीनं १९६० च्या दशकात रूढ केली. ती जगभर स्थिरावायला आणखी दोन दशकं गेली. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बॉडी पोर्शनं १९७० च्या दशकाच्या मध्यावर ‘९११’ साठी वापरायला घेतली. तोवर जगातली बहुतेक मोटार आतून जवळजवळ उघडीच होती. याचा सर्वांत गाजलेला तमाशा इंग्लंडात झाला. १९८० मध्ये लान्चिया कंपनीवर ‘बीटा’ मोटारी ग्राहकांकडून परत विकत घेण्याची पाळी आली. इंजिन ज्या चौकटीवर बसतं, ती बॉडीला जिथं जोडलेली असते तिथलाच पत्रा आतून गेला होता. लान्चियाचं नाव त्या देशातून पुढे जवळपास पुसलंच गेलं.

पेटीच्या आतच गंज का माजतो, याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका थेंबात दाखवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही हा प्रयोग होतो. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन रसायनं मिसळलेली असतात: लोखंड विरघळू लागलं की निळं होणारं एक, आणि पाणी अल्कधर्मी झालं की गुलाबी होणारं दुसरं. सुरुवातीला थेंबात इथंतिथं निळे-गुलाबी ठिपके उमटतात. थोड्या वेळानं चित्र बदलतं. थेंबाची कड गुलाबी होते आणि मधोमध निळा डाग धरतो. दोन्हींच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं, तोच गंज.

कडेला थेंब पातळ, म्हणून तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्याला तो पोचत नाही. आणि लोखंड विरघळतं ते मध्याला, जिथं ऑक्सिजन कमी पडतो तिथं. ऐकायला हे उलटं वाटतं, कारण गंज म्हणजे ऑक्सिजनचंच काम असं सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. प्रत्यक्षात एकाच ओल्या पत्र्यावर दोन जागा तयार होतात आणि त्यांच्यात बारीकसा वीजप्रवाह सुरू होतो. हवेशीर जागा सुखरूप राहते, कोंडलेली जागा झिजते. दोन पत्रे एकावर एक ठेवून मारलेला सांधा, मडगार्डात चिकटलेला चिखल, रंगाच्या पापुद्र्याखाली शिरलेलं पाणी या सगळ्या थेंबाच्या मध्यासारख्या जागा. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून मोठं, काही प्रकारांत सहापटीपर्यंत. सांध्यात तो तयार झाला की पत्रे पाचर मारल्यासारखे फाकवतो, आणि फाकलेल्या सांध्यात आणखी पाणी.

‘नगरची हवा कोरडी, इथं गाडीला गंज लागत नाही,’ असं जिल्ह्यात सहज म्हटलं जातं. त्यात तथ्य आहेच. जिल्ह्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, कितीतरी तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात दाखवून दिलं, की आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या खाली असेल तर लोखंड जवळपास गंजतच नाही. त्यापलीकडे गेली की वेग एकदम वाढतो. या हिशेबानं नगर, पाथर्डी, जामखेड इथं वर्षातले निम्म्याहून अधिक महिने गाडीला सुट्टीच.

पण हा नियम बाहेरच्या हवेचा झाला. पेटीच्या आतलं हवामान निराळं असतं.

थंडीत नगरला रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि दुपारी तिशीला टेकतो. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. सकाळी काच आणि बॉनेट दवानं भिजलेलं असतं, ते उन्हानं तासाभरात वाळतं. उंबऱ्याखालच्या पेटीतही तसंच दव धरतं. तिथं मात्र ऊन नाही, वारा नाही. जे पाणी बाहेर एक तास राहतं ते आत दुपारपर्यंत, आणि तळाशी माती साठली असेल तर कित्येक दिवस. काळ्या मातीचा गुण शेतकऱ्याला सांगायला नको: ती पाणी धरते. शेतात जे वरदान, ते मडगार्डाच्या खाचेत नेमकं उलट. जुलैत चाकांनी उडवलेला चिखल तिथं थापून बसतो आणि दसऱ्यापर्यंत आतून ओला राहतो. मग खंडेनवमीला गाडी धुवायला नेतात. धुण्याच्या पंपाचा जोरकस फवारा बाहेरची घाण काढतो आणि सुकत आलेल्या पेट्या पुन्हा भिजवून ठेवतो. पूजा जरूर करावी, पण फवाऱ्याचं तोंड सांध्यावर धरू नये.

त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला तर सगळाच मामला उलटा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. भंडारदऱ्याला पावसाळी सहलीला नेलेली जुनी गाडी दोन दिवस ढगातच उभी असते. परतताना तिच्या चारही दारांत पाणी असतं, हे मालकाला ठाऊक नसतं.

दारांत पाणी असणं हा दोष नव्हे, हे इथं सांगायला हवं. खिडकीच्या काचेच्या कडेला असलेली कापडी किंवा रबरी पट्टी पाणी पूर्ण अडवत नाही. पावसात काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांमधून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्यांनी तसंच योजलेलं असतं. उंबऱ्याखालच्या पेटीला, डिकीच्या कप्प्यांनाही अशीच भोकं असतात. ती उघडी आहेत तोवर गाडी वर्षानुवर्षं टिकते. बुजली की दार म्हणजे टाकी. बुजवणारे बरेच: धूळ, झाडाचा पाला, काचेच्या पट्टीचा कुजलेला चुरा, नव्या रंगाचा जाड थर, हौसेनं थापलेलं अंडरकोटिंग. आणि कुंभारीण माशी. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गाडी काही महिने उभी राहिली की या माशीला बोटाएवढं भोक फार आवडतं. ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती घर लिंपते, आत अळ्यांसाठी कोळी भरून ठेवते आणि तोंड पक्कं बंद करते. सुकल्यावर ते इतकं टणक होतं, की पेचकस लावल्याशिवाय निघत नाही.

दुसरा चोर म्हणजे क्षार. मुंबईतली टॅक्सी-फियाट हा तिथल्या जीवनाचा भाग होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मुंबईत वापरलेल्या अशा गाड्या हौसेनं देशावर आणल्या जातात. नवा मालक समजतो, आता गाडी कोरड्या हवेत आली, सुटली. पण समुद्रावरच्या वाऱ्यानं आणलेलं मीठ पेट्यांच्या तळाशी गाडीबरोबरच येतं. साधं मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेला पाणी सोडतं हे स्वयंपाकघरात पावसाळ्यात दिसतंच. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड मात्र तेहेतीस टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे व्हर्ननची साठ टक्क्यांची मर्यादा या गाडीला लागू नाही. आसपास सगळं कोरडं असतानाही तिच्या उंबऱ्यात ओल असते.

मीठ आणायला मुंबईच लागते असंही नाही. गावाकडच्या ॲम्बेसेडरनं आणि जीपनं काय काय वाहिलंय! युरियाच्या गोण्या, पोटॅशच्या गोण्या, दुधाचे कॅन. खत म्हणून येणारं म्युरेट ऑफ पोटॅश हे रसायनशास्त्रात पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. फाटक्या गोणीतून डिकीत सांडलेलं खत झाडून काढतात, पण सांध्यात शिरलेलं तिथंच राहतं.

जीपचा विषय निघालाच आहे तर तिचीही एक खोड. युद्धकाळातल्या विलिस जीपच्या फरशीखाली टोपीच्या आकाराचे पत्र्याचे चॅनल होते, आणि ते चेपू नयेत म्हणून आत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या. लाकूड पाणी पिऊन बसलं आणि पत्रा आतून खाल्ला. वेगळी, भक्कम चॅसी असलेल्या या गाडीची फरशी गेली ती त्या पट्ट्यांपायी. छावणीच्या नगरात जुन्या जीपा जपणारे कमी नाहीत. त्यांनी फरशी बदलताना नवं लाकूड ‘मूळ नमुन्याप्रमाणे’ घालायचं का, यावर वाद घालावा तितका थोडा. सोय पाहणाऱ्यानं घालू नये.

आता गॅरेजमध्ये काय होतं ते पाहू. रंगाखाली फोड आला, बोटानं दाबल्यावर करकरला, की गाडी डेंटरकडे जाते. तो वरचा गंज घासतो, भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा लावतो, लांबी भरतो, घासपेपर मारतो, रेड ऑक्साइड, रंग. गाडी नवी दिसते. रंगावर आलेला फोड हा या गोष्टीचा शेवटचा अंक असतो. पत्रा आतल्या बाजूनं कधीचाच झिजलेला. वरून लावलेली लांबी पातळ पापुद्र्यावर बसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात सगळं पुन्हा वर येतं. म्हणून जुनी गाडी घेताना मऊ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक खिशात असावा. दाराच्या तळाशी, उंबऱ्यावर, चाकाच्या कमानीवर तो फिरवायचा. जिथं चिकटायला नाखूश, तिथं खाली पत्रा नाही, लांबी आहे. हल्ली मोबाइलला जोडायचा, बारीक वायरीच्या टोकावरचा कॅमेराही स्वस्तात मिळतो. निथळायच्या भोकातून तो आत सरकवला की डेंटरच्या तोंडी आश्वासनांची गरज उरत नाही.

प्रतिबंधाचे रूढ उपाय दोन. जळकं इंजिन तेल आणि डांबर. जळक्या तेलानं काही काळ पत्रा वाचतो, हे खरं. ते सांध्यात शिरतं, पाणी हटवतं. पण त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात, रबराच्या पट्ट्या त्यानं फुगतात, आणि ते पातळ असल्यानं उन्हाळाभर ठिबकून पावसाळ्याच्या तोंडावर संपतं. शिवाय गळालेलं तेल विहिरीच्या पाण्यात जातं ते वेगळंच. डांबराची गोष्ट याहून वाईट. ताजं असताना ते छान बसतं. नगरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत सुकतं, तडकतं, आणि तड्यांतून आत गेलेलं पाणी डांबराच्या थराखाली कोंडतं. इव्हान्सचा थेंब पुन्हा तयार. काही जण पेटीत फोम भरतात. तो तर स्पंजच. या तिन्हींत निवडच करायची झाली तर जळकं तेल बरं, असं म्हणावं लागेल, आणि हे म्हणताना आनंद होत नाही.

बंद पेटीला खरं लागतं ते न सुकणारं, स्वतःहून पसरणारं, सांध्यात चढणारं आणि तरीही जागेवर टिकणारं मेण. अमेरिकेत डेट्रॉइटच्या कुर्ट झीबार्ट या मेकॅनिकनं १९५० च्या दशकात पेटीला भोक पाडून, लांब नळीनं आत फवारा मारून, भोकाला बूच लावायची पद्धत बसवली आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. युरोपात वॅक्सऑइल, डिनिट्रोल अशी मेणं घराघरांतल्या गॅरेजात पोचली. कित्येक मिश्रणांत एक घटक असतो लोकरीतली चरबी, म्हणजे लॅनोलिन. मेंढीची लोकर धुताना ती निघते. मेंढी पावसात भिजू नये म्हणून निसर्गानं दिलेली. नगरकरांना इथं घोंगडी आठवेल. पारनेर, संगमनेरच्या माळांवर धनगरांच्या दख्खनी मेंढ्या चरतात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर संशोधन चालतं. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड, रखरखीत. मेरिनोच्या मानानं तिच्यात चरबी फारच थोडी. आणि लॅनोलिन वितळतं चाळीस अंशांच्या आसपास. नगरच्या मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा पत्रा साठ-सत्तर अंशांना जातो. निव्वळ लॅनोलिन लावलं तर ते मे महिन्यातच फरशीवर. म्हणून इकडे मेण घेताना ते किती अंशांला ओघळू लागतं, हा आकडा डब्याच्या मागे शोधावा. थंड मुलखातल्या जाहिरातीवर विसंबू नये.

गंमत अशी, की हाच मे महिना मेण मारायला मात्र उत्तम. युरोपातले लोक मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवतात, गाडी हीटर लावलेल्या खोलीत नेतात. इथं सगळं फुकट. माघात किंवा फाल्गुनात आधी भोकं साफ करायची: जाड तार, पेचकस, कुंभारणीच्या घरावर दया न दाखवता. मग बागेच्या पाइपनं, जोर न लावता, पेट्यांमधून गोडं पाणी बराच वेळ वाहू द्यायचं. माती आणि क्षार त्याबरोबर निघतात. खालून येणारं पाणी आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ. त्यानंतर दोन महिने गाडी कोरड्यात, दारं अधूनमधून उघडी ठेवून सुकू द्यायची. घाई इथंच नडते. ओल्या गंजावर मेण मारलं तर पाणी आत कोंडतं.

वेल्डिंगचं काही काम असेल तर ते मेणाच्या आधीच. मेण आणि त्यातलं द्रावक दोन्ही पेट घेतात, आणि पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय वेल्डिंगची नळी पेटवू देऊ नये. जिथं हात पोचतो, तिथला सुटा गंज खरवडून उरलेल्यावर टॅनिनचं द्रावण लावता येतं. अकोल्याच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं जो हिरडा गोळा करतात, त्यात हेच टॅनिन भरपूर असतं. हिरडा आणि हिराकस मिळून जुन्या पोथ्यांची काळी शाई व्हायची ती याच अभिक्रियेनं. गंजावर टॅनिन पडलं की तांबूस रंग निळाकाळा होतो, म्हणजे गंजाचं लोह-टॅनेट झालं. बाजारातल्या ‘रस्ट कन्व्हर्टर’च्या बाटलीत बहुधा टॅनिन किंवा फॉस्फरिक आम्लच असतं. पण ते जिथं ओलं करील तिथंच काम करतं. पेटीतल्या जाड पापुद्र्यावर वरचा थर काळा होतो, खालचा तांबडाच राहतो. न दिसणाऱ्या जागी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

एका दाराचंच उदाहरण घेऊ. आतलं पॅनेल काढायचं. त्यामागचा ओलावा अडवणारा कागद किंवा प्लास्टिक बहुतेक वेळा फाटलेलं किंवा गायबच असतं. नवा जाड प्लास्टिकचा तुकडा कापून ठेवायचा. काच पूर्ण वर घ्यायची, म्हणजे मेण तिच्यावर उडत नाही आणि तळ मोकळा मिळतो. कॉम्प्रेसरच्या गनला लवचिक नळी आणि टोकाला चहूकडे फवारणारं तोंड. नळी दाराच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत घालून, गन दाबून ती सावकाश मागे ओढायची. सर्वांत जास्त मेण तळाच्या घडीला, जिथं बाहेरचा पत्रा आतल्याभोवती दुमडलेला असतो, कारण दार सडायला तिथूनच सुरुवात होते. काही मिनिटांत त्या घडीतून बाहेरच्या बाजूला मेणाची बारीक रेघ पाझरली, तर काम झालं. नाही पाझरली, तर पुन्हा. शेवटी तळाची भोकं तारेनं परत मोकळी करायची, कारण आता ती मेणानंच बुजलेली असतात. हे शेवटचं काम अनेक जण विसरतात. ब्रेकच्या ड्रमवर आणि सायलेन्सरच्या पाइपवर मेण उडू देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. खोली मोकळी, तोंडाला मास्क, जवळ विडी नाही.

गाडी पुढे आठवडाभर ठिबकते. खाली जुनी वर्तमानपत्रं पसरावीत.

जुन्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनावर हल्ली लाखांनी खर्च होतो. क्रोमचा बंपर, आतलं कापड, आरशासारखा रंग. पेट्यांसाठी त्यातले काही हजारही बाजूला काढले जात नाहीत, कारण तो खर्च कुणाला दाखवता येत नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट. नव्या नोंदणीला शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. १९७४ ची पहिली पद्मिनी आता या वयाची झाली आहे. तिचे उंबरे आणि फरशी सडून नवी ठोकावी लागली, तर ‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं काय उरलं, हा प्रश्न अधिकाऱ्याच्या आधी मालकालाच पडेल.

गाडी ठेवण्याच्या जागेबद्दल थोडं. पत्र्याच्या बंद शेडपेक्षा दोन बाजूंनी वारा खेळणारी पडवी बरी. बंद शेडच्या छताला पहाटे आतून दव धरतं आणि ते गाडीवर ठिबकतं. जमीन मातीची असेल तर तिच्यातून वर येणारी ओल फरशीखाली अडकते. जाड प्लास्टिक अंथरून वर गाडी लावावी. प्लास्टिकचं आच्छादन गाडीवर मात्र नको, सुती चालेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी गाडी बाहेर काढून, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवून, दारं-डिकी-बॉनेट उघडं ठेवून दोन तास उन्हात उभी करावी. नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून जातो.

मेणाचा थर कायमचा नसतो. दर दोन-तीन वर्षांनी, पुन्हा उन्हाळ्यातच, कॅमेरा आत घालून पाहावं आणि जिथं पत्रा कोरडा दिसेल तिथं नवा हात मारावा. सर्वांत आधी कोरडा पडतो तो चाकामागचा, उंबऱ्याच्या पेटीचा पुढचा कोपरा. चाक त्याच्यावर खडी आणि पाणी दोन्ही फेकत असतं. तिथं दरवर्षी, मृगाच्या आधी, तेवढ्यापुरतं मेण लावलं तरी चालतं.